कोऱ्या जागी लावलेलं नाव

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. झोपेतसुद्धा नाही — हे मी लग्नानंतर बायकोला आडवळणाने विचारून घेतलं. मी झोपेत बडबडतो का गं? ती म्हणाली, बडबडत नाही, घोरता. ते ऐकून मला किती हायसं वाटलं, काय सांगू. घोरतो म्हणून खूश होणारा नवरा तिनेही पहिल्यांदाच पाहिला असेल.

बघा, सुरुवातच विनोदाने केली. ही माझी जुनी खोड आहे. प्रकरण अंगाशी येतंय असं दिसलं की मी समोरच्याला हसवतो आणि मागच्या दाराने सटकतो. आज सटकायचं नाही असं ठरवून बसलोय. पण सवय आहे, तुम्ही लक्ष ठेवा.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी जळगावात एका बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायला होतो. अहमदाबादच्या एका मोठ्या फर्मची कापसाच्या बियाण्याची एजन्सी आमच्या शेठजींकडे होती. हेड ऑफिस जळगावला, ब्रँच आणि गोदाम धुळ्याला. ई-मेल तेव्हा नवी होती, लोक तिला फॅक्सची धाकटी बहीण समजत. माझ्या टेबलाशेजारी एक मशीन दिवसभर घुमत असे. मी त्याला सर्व्हर म्हणायचो, बाकी सगळे 'तुझं ते खोकं' म्हणायचे. धुळ्याचा कॉम्प्युटर सकाळ-संध्याकाळ टेलिफोनच्या लायनीवरून माझ्या खोक्याला गाठायचा आणि लिहिलेल्या मेल त्यात टाकायचा. मग माझं खोकं मुंबईची लायन लावून त्या जगभर पाठवायचं. जगभर म्हणजे अहमदाबाद, इंदूर आणि शेठजींचे अकोल्याचे साडू.

मेलच्या माथ्यावर चार-पाच ओळी असतात. कोणाकडून, कोणाला, कोणत्या तारखेला, कशाबद्दल. त्याला हेडर म्हणतात. धुळ्याच्या त्या जुन्या प्रोग्राममध्ये 'कोणाकडून'ची जागा आपल्या हाताने भरावी लागे. आणि धुळ्याचे लोक ती भरत नसत. का? तर पत्रात नाव खाली असतं. वर 'सप्रेम नमस्कार', खाली 'आपला विश्वासू', आणि त्याखाली नाव. आयुष्यभर असंच लिहिलेलं. वर नाव लिहिणारा माणूस त्यांना जरा चढेलच वाटला असता. त्यामुळे धुळ्याच्या मेल माथ्यावर कोऱ्या यायच्या, मुंबईचं मशीन त्या घ्यायचं नाही, आणि धनी नसलेल्या त्या सगळ्या मेल परत माझ्याकडे येऊन पडायच्या. अहमदाबादच्या ऑर्डरी अडकल्या. शेठजींनी मला बोलावून झापलं आणि म्हणाले, जा धुळ्याला, दोन दिवस राहा आणि त्यांना शिकवून ये.

मी गेलो. इथून माझा पहिला खोटेपणा सुरू होतो. तो छोटा होता. पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे, म्हणून तो नीट सांगतो.

धुळ्याचा कॉम्प्युटर भास्करभाऊंच्या ताब्यात होता. वयाने माझ्याहून बरेच मोठे, पण पहिल्या भेटीतच त्यांनी मला घरी जेवायला नेलं होतं, आणि तेव्हापासून धुळ्याला गेलो की लॉजवर उतरायची माझी हिंमत नव्हती. वहिनींच्या हातची शेवभाजी खाल्ली की नाकातून पाणी यायचं आणि मी आणखी मागायचो. त्यांची मुलगी जयू मला काका म्हणायची. आणि त्याच ब्रँचमध्ये गोदाम सांभाळायला होते नाना — वहिनींचे सख्खे मोठे भाऊ. भास्करभाऊंना या नोकरीला त्यांनीच लावलं होतं. नाना कमी बोलत. पांढरा पायजमा, खिशाला पेन, आणि अक्षर असं की गोदामाची चिठ्ठी लांबून दिसली तरी कळावं, ही नानांची.

पहिल्या दिवशी सकाळी मी शिकवायला बसलो. ब्रँचची माणसं जमली, मी वरची जागा दाखवली, इथे नाव लिहा म्हटलं. सगळे हसले. भास्करभाऊ म्हणाले, "अरे भो, नाव खालतेच राहस." झालं. माझंही हसू सुटलं, चहा आला, शिकवणी संपली. फक्त नाना माझ्यामागे खुर्ची घेऊन बसून राहिले होते. त्यांनी विचारलं, वरती कोरंच सोडलं तर काय होतं? मी म्हटलं, काय होणार नाना — कोणी पाठवली ते समोरच्याला कळत नाही, म्हणून भरायचं. त्यांनी मान हलवली आणि गोदामात गेले. दोन दिवसांत मी जे काही शिकवलं ते एवढंच, आणि शिकले ते एकटे नाना. उरलेला वेळ मी जेवलो, झोपलो आणि भास्करभाऊंबरोबर पांझरेच्या काठी फिरलो.

परत आल्यावर शेठजींना काय सांगणार? मग मी डोकं चालवलं. माझ्या खोक्यात एक नियम लिहिला: धुळ्याच्या लायनीवरून आलेल्या मेलचं हेडर अर्धवट असेल तर ते पुरं करायचं. तारीख नसेल तर आजची लाव. 'कोणाकडून'ची जागा कोरी असेल तर भास्करभाऊंचं नाव लाव. त्यांचंच का? कारण धुळ्याचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावाने उघडलेलं होतं. ब्रँचच्या नावाचं वेगळं खातं उघडता आलं असतं, मला कंटाळा आला. शिवाय धुळ्याच्या जवळजवळ सगळ्या मेल भास्करभाऊच लिहायचे. बिघडतंय कुठे, असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मेल नावानिशी, तारखेनिशी, अंघोळ करून टिळा लावल्यासारख्या जाऊ लागल्या. शेठजी खूश. चारचौघांत म्हणाले, पोराने धुळ्याच्या लोकांना दोन दिवसांत शहाणं केलं. मी मान खाली घालून हसलो. मी तेव्हा नोकरीत कायम व्हायचा होतो, आणि शेठजींच्या मनात माझी नोंद झाली हे मला दिसत होतं.

मशीन नाव लावतं हे मी भास्करभाऊंनाही सांगितलं नाही. खरं तर त्यांना सांगायला हवं होतं — नाव त्यांचं होतं. पण एकदा सांगितलं की ते गंमत म्हणून चार जणांना सांगणार आणि माझी शिकवणी उघडी पडणार. म्हणून गप्प बसलो. इथपर्यंत तुम्ही मला माफही कराल, मला माहीत आहे. म्हणूनच इथे थांबायचा मोह होतोय.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर अहमदाबादच्या फर्मकडून शेठजींना एक मेल छापून आली. धुळ्याहून त्यांना गेलेली तक्रार होती. धुळ्याचे ब्रँच मॅनेजर गेल्या साली उरलेल्या बियाण्याच्या पिशव्यांवर नवी लेबलं लावून त्या शिंदखेडा-शिरपूरकडच्या दुकानांत पाठवतात, हे बियाणं उगवणार नाही, आपण लक्ष घालावं — एवढाच मजकूर. खाली सही नाही, नाव नाही. सरळसरळ निनावी अर्ज. असे अर्ज आपल्याकडे प्रत्येक ऑफिसात जातात, त्यात नवल ते काय? नवल हे होतं की या निनावी अर्जाच्या माथ्यावर भास्करभाऊंचं नाव होतं.

मी तो कागद पाहिला आणि मला क्षणात कळलं. तुम्हालाही कळलं असेल. लिहिणाऱ्याने वरची जागा मुद्दाम कोरी सोडली होती. ती माझ्या नियमाने भरली होती.

शेठजींनी भास्करभाऊंना जळगावला बोलावलं. ते आले तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं, माझ्या टेबलापाशी थांबून वहिनींनी दिलेला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पापडांचा डबा त्यांनी माझ्या हातात ठेवला. मग आत गेले. काचेच्या केबिनमधून मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी ते हसले, मग कागद हातात घेतला, मग पुन्हा वाचला. मी नाही लिहिलं, हे ते मान हलवून सांगत होते आणि शेठजी बोट ठेवून वरची ओळ दाखवत होते. मी उठायला हवं होतं. दार ढकलून आत जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच तर होतं. मी पापडांचा डबा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर पुन्हा पुन्हा उघडझाप करत बसलो.

दुपारी नाना आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मेव्हण्याला कशासाठी नेलंय हे ब्रँचमध्ये कानावर आलं, आणि ते मिळेल ती एसटी पकडून निघाले. सरळ केबिनपाशी गेले. शेठजींनी मलाही आत बोलावलं, कारण प्रकरण मशीनचं होतं. भास्करभाऊ आतच बसले होते, नाना उभेच होते. म्हणाले, "लिखेल ते मन्हंच शे, शेठजी. यान्हा काही संबंध नही. पन नाव मी कोन्हंच टाकेल नही. वरती कोरं सोडेल व्हतं." लिहिलंय मीच, पण नाव कोणाचंच टाकलं नाही, वर कोरं सोडलं होतं.

मग त्यांनी सांगितलं, सावकाश. लेबलं बदलताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हाताने अर्ज लिहिला असता तर अक्षर सगळ्यांनी ओळखलं असतं, आणि मॅनेजरने राग भास्करभाऊंवर काढला असता. घरात लग्नाची मुलगी आहे, मेव्हण्याच्या नोकरीला धक्का लागू नये, म्हणून कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत त्यांनी ते लिहिलं. वरची जागा सोडली, की कोणी पाठवलं ते कळत नाही — हे त्यांना माहीत होतं. कोणी सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचवायला म्हणून नव्हे, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे असं त्यांच्या मनातच आलं नसेल.

शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे मी सांगितलंच पाहिजे. त्या मॅनेजरला त्यांनी पुढे आठवड्याभरात घरी बसवलं, लेबलांचा धंदा बंद झाला, म्हणजे नानांच्या अर्जाने काम केलंच. पण त्या दुपारी त्यांनी कागदावरच्या वरच्या ओळीवर चष्मा नेला आणि मला विचारलं, "नाव लिहिलं नाही, तर हे मशीन आपोआप नाव लावतं का?"

तिघेही माझ्याकडे पाहत होते. नानांच्या डोळ्यांत तर — कसं सांगू — सुटकाच दिसत होती. आता हा मशीनचा माणूस सांगेल आणि सगळं मिटेल, असं त्यांना वाटत होतं.

मी म्हणालो, "नाही, शेठजी. जे टाइप केलं असेल तेच येतं."

झालं. एवढंच ते. यासाठी मी इतकी पानं फिरत होतो.

का म्हणालो? हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: कधीपासून लावतं? मग धुळ्याची शिकवणी निघाली असती, चारचौघांतलं कौतुक निघालं असतं, माझं कायम होणं लांबलं असतं. बस, यापलीकडे कारण नाही. नोकरी जाण्याचीही भीती नव्हती. शेठजी दोन शिव्या देऊन हसले असते. दोन शिव्या वाचवायला मी नानांना खोटं पाडलं, आणि मी गप्प बसून नाही पाडलं, तोंडाने बोलून पाडलं.

शेठजी नानांना म्हणाले, "तक्रार केली म्हणून मी काढत नाही तुम्हाला. उघड केली असती तर पाठ थोपटली असती. पण मेव्हण्याच्या नावाआड लपून केली, म्हणून उद्यापासून येऊ नका."  नानांनी भास्करभाऊंकडे पाहिलं. भास्करभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. दोघे एकाच गावाला परतायचे होते, पण वेगवेगळ्या एसटीने गेले.

ते गेल्यावर मी मशीनपाशी बसलो आणि तो नियम पुसला. ब्रँचच्या नावाचं वेगळं खातं उघडलं आणि कोऱ्या जागी ते नाव लागेल असं केलं. चहा निवायच्या आत झालं. ज्या कामाचा मला कंटाळा आला होता ते एवढंसं होतं. मग ड्रॉवरमधून डबा काढला आणि पापड खाल्ले. खोटं कशाला सांगू, छान लागले. डबा धुऊन पुढच्या खेपेला परतही केला.

पुढच्या खेपेला — म्हणजे मी पुन्हा त्या घरी गेलो. जात राहिलो. न गेलो तर संशय येईल, असं आधी वाटायचं, आणि नंतर तसंही वाटेनासं झालं. भास्करभाऊ ताटावर बसले की तोच विषय काढत. त्यांना नानांच्या तक्रारीचा राग नव्हताच. "लिखं ते बरं करं," ते म्हणत. "पन मन्हं नाव टाकीसन सोता मांगे लपना. ज्याले बापना जागे मानं, त्यानी असं करं." माझं नाव पुढे करून स्वतः मागे लपला, ज्याला बापाच्या जागी मानलं त्याने. आणि वर तोंडावर सांगतो की कोरं सोडलं होतं — हे त्यांना जास्त लागलं होतं. चूक केली म्हणाला असता तर मी विसरून गेलो असतो, म्हणायचे. इतकी वर्षं ज्याच्या शब्दावर चाललो तो माणूस डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतो, मग आता कोणावर विश्वास ठेवायचा? आणि मग ते माझ्या पाठीवर हात ठेवत. "तू व्हता म्हणीसन खरं कळनं," म्हणत. तू होतास म्हणून खरं कळलं. त्या हाताखाली मी पोळीचा तुकडा मोडून भाजीत बुडवत असे.

वहिनी बोलत नसत. त्यांची कोंडी वेगळी होती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि भावाने दगा दिला हे जळगावच्या मशीनने आणि मशीनच्या माणसाने सांगितलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खानदेशातली सासुरवाशीण माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते — त्या वर्षी वहिनी गेल्या नाहीत. नोकरी सुटल्यावर नाना शिंदखेड्याजवळच्या आपल्या गावी राहायला गेले होते; तिथून त्यांचा निरोप आला होता, भास्करभाऊंनी उत्तर दिलं नाही. वहिनींनी घरीच खापरावर पुरणपोळ्या केल्या आणि मला जेवायला बोलावलं. शेजारच्या अंगणात पोरी झोक्यावर गात होत्या. वहिनी वाढता वाढता एकदाच म्हणाल्या, "मन्हा सख्खा भाऊ शे तो. मी कसाले इसरू?" आणि आत गेल्या. मी काय केलं? मी आणखी एक पोळी घेतली, वहिनींना बरं वाटावं म्हणून.

त्या दिवाळीत भाऊबीजेला त्यांनी मला बोलावलं. पाटावर बसवलं, ओवाळलं. आता तूच भाऊ, म्हणाल्या. निरांजनाच्या उजेडात त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते माझ्यासाठी भरलेले नव्हते, हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. तेव्हा बोललो असतो तर? भाऊबीजेच्या दिवशी भाऊ परत मिळाला असता त्यांना. मी ताटात ओवाळणी टाकली.

मग जयूचं लग्न ठरलं. मुलगा चोपड्याचा, केळीवाल्या घरातला, चांगला होता. भास्करभाऊंच्या समाजात नवरीची पिवळी साडी मामाने आणायची, मामानेच तिला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. भास्करभाऊंनी नानांना पत्रिका पाठवली नाही. मला म्हणाले, मामा म्हणून तू उभा राहा. मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो, दोनदा. ते म्हणाले, दुसरं आहे कोण? आणि मी हो म्हणालो.

लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी जळगावात माझ्या खोलीच्या दारात नाना उभे होते. अंगात तोच पांढरा पायजमा, खिशाला पेन मात्र नव्हतं. हाताशी कापडी पिशवी. मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून साडी काढली. पिवळी, बारीक हिरव्या काठाची. मामाची साडी. माझ्या हातून ते घेणार नाहीत, म्हणाले, तू दे. माझं नाव सांगू नको. पोरीच्या अंगावर पडली म्हणजे झालं.

मी साडी घेतली. ते उठले नाहीत. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "तू मशीनना माणूस शे. एक गोट खरी सांग. आठे आते कोन्ही नही, शेठ नही, काही नही. कोरी सोडेल जागा मशीन सोताहून भरस का?"

कोरी सोडलेली जागा मशीन आपण होऊन भरतं का. खोलीत आम्ही दोघेच. मी केव्हाच कायम झालो होतो. शिकवणीची गोष्ट आता शेठजीही विसरले असतील. भिण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पहिल्या वेळी निदान भीती तरी होती, तिच्यावर ढकलता येतं. या वेळी कशावर ढकलू? फक्त इतकंच होतं की समोर बसलेला माणूस खरं ऐकल्यावर माझ्याकडे एकदा बघेल, आणि ते बघणं मला नको होतं.

"नाही, नाना," मी म्हणालो. "मशीन नाही भरत."

ते चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले नाहीत. त्यांनी उजवा हात पुढे धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि त्याच्याकडेच बघत म्हणाले, "मंग मन्हाच हात चुकना व्हई. भास्करनं नाव खालते रोज राहे, तेच वरती पडनं व्हई. वय व्हयनं ना आते." मग माझाच हात चुकला असेल, रोज खाली असणारं भास्करचं नाव वर पडलं असेल. त्यांना आठवत होतं की त्यांनी ती जागा कोरी सोडली, स्वच्छ आठवत होतं, आणि तरी त्यांनी माझ्या शब्दापुढे आपलं आठवणं सोडून दिलं. म्हणाले, उगीच इतके दिवस वाटत राहिलं की कोणीतरी दगा दिला. मग पेला खाली ठेवला, पिशवीची घडी करून खिशात घातली आणि बस गाठायला निघाले. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायलाही गेलो.

लग्न धुळ्यात झालं. ती साडी मी माझी म्हणून दिली. वहिनींनी घडी उलगडली, काठावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. असे काठ त्यांच्या माहेरी आवडायचे, एवढंच म्हणाल्या. जयू ती नेसून आली. मी तिला हाताला धरून बोहल्यावर आणलं. भास्करभाऊंनी मला मानाचा टॉवेल दिला, डोक्यावर टोपी घातली, आणि जमलेल्या लोकांपुढे सांगितलं, रक्ताच्या माणसाने केलं नाही ते याने केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंतरपाटाच्या अलीकडे मी तिच्या पाठीशी उभा होतो आणि हातातल्या अक्षता बरोबर वेळेवर टाकत होतो. एकही चुकली नाही.

नाना पुढे दोन-तीन वर्षांत गेले. वहिनींना तिसऱ्या दिवशी कळलं. कळलं तेव्हा भास्करभाऊंनी मला फोन केला आणि पहिल्यांदाच ते माझ्यापाशी रडले. म्हणाले, एकदा कबूल केलं असतं त्यांनी की नाव मीच टाकलं, तर मी पळत गेलो असतो रे. मी म्हटलं, हो. त्यांनी कबूल केलं होतं, माझ्या खोलीत, माझ्यापुढे, न केलेली चूक कबूल केली होती. तेही मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर दुसरंही सांगावं लागलं असतं.

भास्करभाऊ धुळ्यातच आहेत, गुडघे दुखतात म्हणून फारसे बाहेर पडत नाहीत. वहिनी अजून शेवभाजी तशीच करतात. जयूची मुलं मला मामाआजोबा म्हणतात. परवा वहिनींचा फोन आला होता, भाऊबीजेला येताय ना भाऊ? मी येतो म्हणालो. जाईनही. पाटावर बसेन, त्या ओवाळतील.

नानांचा हात चुकला नव्हता. त्यांनी जागा कोरीच सोडली होती. नाव मी लावलं होतं.